गीताबाईनं ‘येते’ म्हणणं सोडलं

उस्मानपुऱ्याच्या मागच्या अंगाला, बुद्धविहाराच्या भिंतीला लागून एका खोलीची अंगणवाडी आहे. जून महिन्यात सकाळी साडेनऊला तिथं जो कालवा उठतो, तो ऐकून नवखा माणूस म्हणेल, इथं पोरांना डागण्या देतात की काय. पहिल्यांदाच आईचा पदर सुटलेली दहा-बारा पोरं. एकाचं थांबलं की दुसऱ्याला आठवण येते. आणि त्या गोंधळात एक पोर काखेत, एक पायाला विळखा घालून बसलेलं, अशी गीताबाई झाडू मारत असते.

सरकारी कागदावर ती मदतनीस. एकतीस वर्षं. पोरांना घरोघर जाऊन गोळा करून आणायचं, खोली झाडायची, बचत गटाकडून खिचडीचा डबा आला की वाढायची, ताटल्या घासायच्या, ज्याची चड्डी ओली झाली त्याची बदलायची. एवढ्या कामाला कागदावर नोकरी म्हणत नाहीत, सेवा म्हणतात. पगाराला मानधन म्हणतात. संपाच्या वेळी मोर्च्यात गीताबाई माइकवर बोलली होती, “मान बी नाय अन् धन बी नाय, नुस्तं शब्दाचं बाशिंग बांधलंय आमच्या कपाळाला.” टाळ्या लई पडल्या. शब्द माणसाला फसवतात हे तिला त्या दिवशीही ठाऊक होतं. फक्त सरकारचेच शब्द फसवतात, असं ती धरून चालली होती.

रडकं पोर शांत करण्यात मात्र तिचा हात धरणारं कोणी नव्हतं, आणि हे ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. तिची एक ठरलेली रीत होती. पोराला खिडकीपाशी न्यायचं, समोरच्या तारेवरचा कावळा दाखवायचा, आणि आईला डोळ्यानं खूण करायची: सटक. मागच्या दारानं विहाराच्या अंगणात, तिथून गल्लीत. “मागं वळून बघशील तर उद्यापासून आणू नकोस,” अशी दमदाटी आयांनाच. पोर वळून बघायचं तर आई गायब. मग तासभर आकांत, मग खिचडी, मग झोप. आठ दिवसांत पोर रुळायचं. एकतीस वर्षांत हीच रीत, आणि तिच्या हाताखालून गेलेली पोरं आज रिक्षा चालवतात, बँकेत बसतात, एक तर फौजदार झाला. कुणाचं काय बिघडलं?

तनुजा ही सेविका, म्हणजे अंगणवाडीची बाई. बी.ए. झालेली, गीताबाईच्या लेकीच्या वयाची. तिचा अर्धा दिवस मोबाइलवर पोरांचे फोटो आणि वजनं चढवण्यात जायचा. तिनं एकदा भीतभीत सांगून पाहिलं की ट्रेनिंगमध्ये म्हणतात, आईनं चोरून जाऊ नये, मुलाला सांगून जावं. गीताबाईनं हातातला झाडू खाली ठेवला आणि विचारलं, तुझ्या ट्रेनिंगवाल्याला पोरं किती? तनुजा पुन्हा मोबाइलमध्ये तोंड घालून बसली.

त्याच जूनमध्ये विशाखा आली. साडेतीन वर्षांची. केस बापानं विंचरलेले, त्यामुळं एक बो कानाजवळ आणि दुसरा मानेवर.

बापाचं नाव बुद्धभूषण. छोट्या टेम्पोतून पिण्याच्या पाण्याचे जार घरोघर टाकायचं काम. या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही आलं तर, त्यामुळं जारवाल्याला मरणाची फुरसत नसते. बायको संघमित्रा मार्चमध्ये काविळीनं गेली. घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेली आणि पंधरा दिवसांत सगळं संपलं. तेव्हापासून पोरगी टेम्पोत बापाच्या बाजूला बसून फिरायची. उन्हाळ्यात तिला दोनदा उलट्या झाल्या, एकदा ब्रेक लागला तेव्हा कपाळाला टेंगूळ आलं. लासूर स्टेशनला तिची आत्या राहते, आशाबाई. बाई चांगली, तिला स्वतःची दोन पोरं, ती म्हणत होती पोरगी माझ्याकडं दे, दोनाची तीन होतील.

“मावशी, पंधरा दिवस बघतो,” बुद्धभूषण दारातच म्हणाला. “इथं राहिली तर माझं काम बी होईल अन् पोरगी बी माझ्याजवळ राहील. नाय राहिली तर लासूरला नेऊन सोडतो. दर रविवारी जाऊन येत जाईन.”

दर रविवारी. हे शब्द गीताबाई स्वतः एकदा बोलली होती. ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

चौतीस वर्षांमागं गीताबाईचा नवरा सांडू रंगकाम करताना शिडीवरून पडला आणि कमरेतून गेला. घरात कमावणारं कोणी नाही, पोरगा दोन वर्षांचा. सत्यम त्याचं नाव. गीताबाईनं त्याला खुलताबादच्या अलीकडं माहेरी आईजवळ ठेवला आणि शहरात बांधकामावर पाट्या उचलायला लागली. निघताना पोराच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, “येते हां राजा.” दर रविवारी जायचं ठरलं होतं. रविवारचा पंधरवडा झाला, पंधरवड्याचा महिना. दीड वर्षानं त्याला आणायला गेली तेव्हा पोरगा आजीच्या लुगड्याआड गेला आणि त्यानं आजीला विचारलं, “ही बाई कधी जानार?” तो आता चाकणला कंपनीत आहे, बायको-पोरं आहेत, फोन करतो. पण ती ‘बाई’ गीताबाईच्या कानातून कधी निघाली नाही.

म्हणून ती बुद्धभूषणला म्हणाली, पंधरा दिवस कशाला, आठ दिवसांत रुळते की नाय बघ, माझं नाव गीताबाई.

पहिल्या दिवशी खिडकी, कावळा, खूण. बुद्धभूषण मागच्या दारानं सटकला. विशाखानं वळून पाहिलं, बाप नव्हता. गीताबाई आकांताची वाट पाहत होती, पण पोरगी रडली नाही. ती उठून दारात गेली, जिथं सगळ्यांच्या चपला असतात तिथं बसली आणि रस्त्याकडं बघत राहिली. खिचडी खाल्ली नाही. गीताबाईनं घरून आणलेला बिस्किटाचा पुडा पुढं केला. एकतीस वर्षांत बिस्किटाला नाही म्हणणारं पोर तिनं पाहिलं नव्हतं. विशाखानं पुडा बोटानं मागं सारला. “माझं आई आनती,” म्हणाली.

गीताबाईला वाटलं, गरीब स्वभावाची पोरगी आहे, लवकर रुळेल.

दुसऱ्या दिवशी बापानं तिला दारातून आत घ्यायच्या आधीच ती किंचाळली. असं किंचाळली की विहारात झाडलोट करणारा म्हातारा धावत आला. बापाची मान दोन्ही हातांनी आवळलेली, बोटं सोडवता सोडवता त्याच्या शर्टाचं बटण तुटलं. गीताबाईनं तिला ओढून घेतली तशी ती गीताबाईच्या मनगटाला चावली. मग उलटी. मग सगळ्या पोरांचं एकसाथ रडं. आणि त्यानंतर रोज तेच. कधी खिचडी वाढताना, कधी गाणं चालू असताना, मधेच काही कारण नसताना पोरगी थरथरायला लागायची आणि दाराकडं पळायची. सहाव्या दिवशी तनुजानं घाबरून बुद्धभूषणला फोन लावला. तो ज्योतीनगरात कुणाच्या तिसऱ्या मजल्यावर जार चढवत होता. भरलेला टेम्पो घेऊन तसाच आला, आणि पोरीला उचलताना त्यानं नुसतं गीताबाईकडं बघितलं. त्यापेक्षा शिवी परवडली असती.

गल्लीतल्या बायका बोलायच्या ते बोलल्याच. गीताबाईचा हात उतरला आता, म्हणे. एक जण म्हणाली, आई गेलेलं लेकरू आहे, ते कशाला आणायचं चार पोरांत. त्या बाईला गीताबाईनं तिथंच असं झाडलं की ती आठवडाभर त्या गल्लीनं आली नाही. पण संध्याकाळी घरी मनगटाला हळद लावताना तिला स्वतःचीच चीड आली होती. कुठं चुकतंय?

ते कळलं बाराव्या दिवशी, आणि तिच्या हुशारीनं नाही कळलं.

दुपारची वेळ. पोरं झोपलेली, विशाखा तेवढी चपलांशेजारी जागी. गीताबाई ताटल्या विसळत होती आणि सत्यमचा फोन आला. हात ओले, म्हणून तिनं कोपरानंच बटण दाबून फोन स्पीकरवर टाकला. त्याचं नेहमीचंच. पोराची शाळा, सुट्टी नाही, बायकोचं दुखणं. मग शेवटी, “दिवाळीला येतो गं आई. नक्की येतो.”

फोन बंद झाला आणि दारातून आवाज आला.

“नाय येनार.”

गीताबाई वळली. विशाखा तिच्याकडं बघत होती. बारा दिवसांत पोरगी पहिल्यांदा आपणहून काही बोलली होती.

“कोण नाय येणार गं?”

“येतो म्हनला ना. येतो म्हनलं की नाय येत.” आणि गीताबाईला कळलं नसेल असं वाटून तिनं समजावून सांगितलं, “आई म्हनली येते. बिस्कीट घेऊन येते म्हनली. रिक्षातून.”

ताटली गीताबाईच्या हातातच राहिली.

आपल्या भाषेत घरातून निघणारं माणूस ‘जाते’ म्हणत नाही. अभद्र असतं. मेलेला जातो, जिता येतो. लहानपणी गीताबाई एकदा दारातून “आई, जाते गं” म्हणाली होती तर आईनं मागून येऊन पाठीत धपाटा घातला होता, जाते म्हणतेस का मेले, येते म्हण. घरातले देव गेले, नवस गेले, उपास-तापास गेले. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आली, पोरी शिकल्या. पण जिभेवरचं ‘येते’ कोणी धुऊन काढलं नाही. त्यात वाईट ते काय, असंच वाटायचं.

आणि या खोलीत रोज सकाळी बारा आया बारा पोरांना काय म्हणत होत्या? “येते हां.” खिचडीचा डबा घ्यायला उठताना गीताबाई स्वतः काय म्हणत होती? “आत्ता येते.” पोरीला कारण नसताना झटके येत नव्हते. दर वेळी कारण होतं, आणि दर वेळी ते ह्यांच्या तोंडातून निघत होतं. त्यात बापाचं ते चोरून जाणं. आई सांगून गेली ती आली नाही, बाप न सांगता जातो. मग पोरीनं चपलांशेजारी बसू नये तर काय करावं?

तनुजानं सांगितलं होतं. ती गोष्ट गीताबाईनं गिळली, पण कडू लागली.

त्याच दिवशी अंगणवाडी सुटल्यावर ती बुद्धभूषणच्या घरी गेली. त्याला बाहेर बोलावून पहिला प्रश्न विचारला, पोरीला सांगितलंय का, आई वारली म्हणून?

नव्हतं सांगितलं. कोणीच नव्हतं सांगितलं. मयत घाटीतून परस्पर नेली, तेव्हा पोरगी लासूरला होती. आत्या सांगायची, आई दवाखान्यात आहे, येते. शेजारीण सांगायची, आई गावाला गेली, येते. बापही तेच सांगायचा.

“तीन महिने झाले,” गीताबाई म्हणाली. “कधी सांगणार? लग्नात?”

“माझ्या तोंडातून निघत नाय मावशी.” तो खाली बघत होता. “अन् आता काय, उद्या-परवा लासूरला नेतोच. तिथं आक्का बघंल.”

लासूरला काय होईल हे गीताबाईला डोळ्यांसमोर दिसत होतं. हाही निघताना ‘येतो’ म्हणेल. दर रविवारचा पंधरवडा होईल. तिनं त्याच्याकडून वचन मागितलं नाही, वचनावर तिचा भरवसा नव्हता. मुदत मागितली. या शहरात दिवस वारानं कमी आणि पाण्यानं जास्त मोजतात. आजच नळ आला होता. “पुढचं पाणी येईपर्यंत थांब,” ती म्हणाली. “आणि उद्यापासून मी सांगते तसं कर.”

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीच्या मागच्या दाराला तिनं आतून कडी घातली. आया आल्या तशी दारातच प्रत्येकीला सांगितलं: आजपासून इथं नुसतं ‘येते’ बंद. चोरून जाणंही बंद. पोराच्या डोळ्यांत बघून ‘जाते’ म्हणायचं, आणि कशानंतर परत येणार तेवढं सांगायचं. वाजले किती ते पोराला कळत नाही, खिचडी कळते. “जाते. खिचडी झाली की परत येते.” एवढंच. आणि मग खिचडी झाली की खरंच दारात उभं राहायचं. उशीर झाला तर गाठ माझ्याशी.

बायकांनी तोंडं वाकडी केली. सकाळच्या पारी जाते काय म्हणायचं. एकीची सासू भांडायलाच आली. एक जण हसत म्हणाली, “मावशी, काल सराव म्हणून नवऱ्याला म्हणलं, तुम्ही बी जातो म्हणा. तर म्हणतो, कायमचा जाऊ का?” सगळ्या हसल्या, गीताबाईसुद्धा. मग डब्यासाठी ती उठली, तोंड उघडलं, आणि जीभ टाळूला चिकटली. मोर्च्यात फौजदारासमोर न अडखळणारी बाई. आईचा धपाटा आठवला, की आजीच्या लुगड्याआडचं पोर आठवलं, तिला सांगता आलं नसतं. कसंबसं म्हणाली, “जाते. डबा घेऊन परत येते.” विशाखा बघत होती. डबा घेऊन गीताबाई आत आली तेव्हा पोरीनं डब्याकडं बघितलं, मग तिच्या तोंडाकडं, आणि जागेवर बसून राहिली. थरथरली नाही.

बुद्धभूषण रोज उकिडवा बसून म्हणायचा, “जातो. खिचडी झाली की परत.” पहिल्या दिवशी पोरगी रडलीच, पण मान आवळली नाही. खिचडीच्या वेळी टेम्पो दारात होता. दुसऱ्या दिवशीही होता. तिसऱ्या दिवशी क्रांती चौकात टायर पंक्चर झालं, तर गडी टेम्पो तिथंच टाकून, कुणाच्या तरी स्कूटरवर मागं बसून, घामानं निथळत आला. गीताबाईनं त्याला पाणी दिलं. शाबासकी दिली नाही, पण पाणी स्वतः उठून दिलं, ते तिच्या हिशोबी पुष्कळ होतं.

पाचव्या दिवशी विशाखा चपलांपासून उठून पोरांच्या रांगेत बसली. ताटली पुढं येताच खिचडीवर अशी तुटून पडली की तिला ठसका लागला. आधी खाल्लं की बाप लवकर येतो, असा हिशोब तिनं लावला होता. तनुजा हसून हसून बेजार झाली. गीताबाई पाठीवरून हात फिरवत म्हणाली, हळू, हळू खा, तुझ्या घाईनं टेम्पो पळत नाय. त्या दिवशी तिला वाटलं, जिंकलो.

सहाव्या दिवशी विशाखानं रिकामी ताटली तिच्या हातात दिली आणि विचारलं,

“मावशी, आई काय झाल्यावर येनार?”

नेम तिनंच घालून दिला होता. जाणाऱ्यानं कशानंतर येणार ते सांगायचं. पोरगी नेमानं चालली होती, आणि नेमानंच विचारत होती. गीताबाईच्या जिभेवर किती तरी उत्तरं आली, सगळी गोड, सगळी खोटी. चांदणी झाली म्हणावं, गावाला गेली म्हणावं. तिनं ताटली बाजूला ठेवली आणि म्हणाली, “ते तुझा पप्पा सांगंल. मी बी बसते बाजूला.”

पोरीनं मान हलवली. तिला घाई नव्हती.

पोरीला न्यायला आल्यावर हे ऐकून बुद्धभूषण म्हणाला, मावशी, तुम्हीच सांगा. गीताबाई म्हणाली, नाय. मी परकी. उद्या तिला वाटलं की मावशी खोटं बोलली, तर ती कुणाला विचारील? तुझ्या तोंडून जाऊ दे.

आठव्या दिवशी दुपारी चारला नळ आला. गल्लीत एकदम मोटारींचा आवाज, पाइपांची ओढाताण, बायकांची पळापळ. बुद्धभूषणच्या अंगणात ड्रमला पाइप लावलेला. विशाखा स्टीलच्या पेल्यानं घागर भरत होती, अर्धी फ्रॉकवर सांडत. तो उपड्या जारवर बसला. गीताबाई उंबऱ्यावर.

“विशू,” तो म्हणाला. “आई...”

तिथंच थांबला. पाइप ड्रममधून निसटून खाली पडला. आठ दिवसांनी आलेलं पाणी फरशीवरून नालीत चाललं, आणि तिघांपैकी कोणी उठलं नाही.

“आई गेली, विशू.”

“दवाखान्यात.”

“दवाखान्यात गेली, अन् तिथं मेली. लई आजारी व्हती. मेल्यावर माणूस परत येत नाय. आई येनार नाय आता.”

“खिचडी झाल्यावर बी?”

“नाय.”

“झोपून उठल्यावर?”

“नाय बाळा. कशानंतरच नाय.”

विशाखा पेला हातात धरून विचार करत राहिली. मग विचारलं, “आई जाते म्हनली व्हती का?”

बुद्धभूषणनं गीताबाईकडं पाहिलं. ती त्याला मदत करू शकत नव्हती.

“नाय,” तो म्हणाला. “येते म्हनली व्हती.”

“मग चुकलं आईचं,” विशाखा म्हणाली. “जाते म्हनायचं असतं.”

बुद्धभूषणच्या तोंडातून हुंकार निघाला, तो ‘व्हय’ होता की रडणं होतं, कळलं नाही. गीताबाई पुढं सरकली. “तिला ठाऊक नव्हतं गं,” म्हणाली. “तिला वाटत होतं आपण येणार. खरंच येणार होती ती.” पण पोरगी ऐकत नव्हती. तिनं पेला खाली ठेवला, बापाच्या मांडीवर चढली आणि रडायला लागली. अंगणवाडीतलं किंचाळणं नव्हतं ते. बारीक, एका सुरात, म्हातारी माणसं रडतात तसं. गीताबाईनं उठून पाइप ड्रममध्ये घातला. तेवढंच तिच्या हाताला सुचलं.

घरी जाताना गीताबाईच्या डोळ्यांसमोर संघमित्रा होती. संघमित्राला ती एकदाच बघून होती, गरोदरपणीच्या तपासणीला आली होती तेव्हा. हसरी, दात थोडे पुढं. रिक्षात बसताना, पिवळ्या पडलेल्या डोळ्यांनी, त्या बाईनं लेकीला धीर द्यायला आपल्या भाषेतला सगळ्यात चांगला शब्द वापरला होता. आणि गीताबाईनं एक नेम काढला, त्या नेमात मेलेली आई चूक ठरली. पोरीला दुसरं कसं सांगता आलं असतं? तिला सुचलं नाही. आजही सुचत नाही.

विशाखा लासूरला गेली नाही. आशाबाई येऊन दोन दिवस राहून गेली, पोरीला दोन फ्रॉक देऊन गेली. निघताना सवयीनं “येते गं” म्हणाली आणि जीभ चावली. विशाखानं आत्याचं बोलणं सुधारून दिलं.

सत्यमचा फोन ऑक्टोबरात आला. पोराचे क्लास, सुट्टीचं बघतो, पण येतो गं आई. गीताबाई म्हणाली, “येतो म्हणू नको राजा. नाय जमत असंल तर नाय जमत म्हण. मी नाय रागवणार.” मग तो म्हणाला, “नाय जमणार आई.” तिनं बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, दिवाळीसाठी त्याच्या पोरांना घेतलेले कपडे कपाटात आहेत. दुसऱ्या दिवशी ते पार्सलनं पाठवायला तिनं पत्ता विचारून घेतला.

दिवाळीच्या सुट्टीआधी अंगणवाडीत एका पोराचा वाढदिवस झाला. त्याची आई बिस्किटांचे पुडे घेऊन आली. गीताबाई वाटत चालली होती, दोन दोन बिस्किटं, आणि विशाखापाशी येताच सवयीनं तिला वगळून पुढं सरकली. पाच महिने पोरीनं बिस्किटाला हात लावला नव्हता. तिचं बिस्कीट ठरलेलं होतं, ते कोणीतरी आणणार होतं.

मागून पदर ओढला गेला.

“मावशी, मला बी.”

गीताबाईनं दोन दिली. विशाखानं एक खाल्लं, मग दुसरं खाल्लं. कोणासाठी काही ठेवलं नाही. हात फ्रॉकला पुसले आणि पोरांत खेळायला गेली. दाराकडं तिनं बघितलं नाही. चपलांशेजारची जागा आता दुसऱ्या एका नव्या पोरानं धरली होती.

तनुजा कौतुकानं बघत होती. वहीत प्रत्येक मुलाची नोंद करायची असते, तिनं विशाखाचं नाव काढलं. “मावशी, काय लिहू? पूर्ण रुळली, लिहू ना?”

“नुसतं हजर लिही,” गीताबाई म्हणाली, आणि रिकामा पुडा मुठीत चुरगाळत नव्या पोराशेजारी चपलांत जाऊन बसली.